नमनाला घडाभर तेल कशाला? कथेची सुरुवात लिहिताना

नवा कथालेखक बहुतेक वेळा पहाटेपासून सुरुवात करतो. पूर्वेला तांबडं फुटतं, पाखरं किलबिलतात, नायिकेला जाग येते, ती घड्याळ बघते, चहाचं आधण ठेवते आणि खिडकीतून बाहेर बघता बघता भूतकाळात शिरते. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे, हे कुठेतरी तिसऱ्या पानावर कळतं. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा वाचणारा संपादक तिसऱ्या पानापर्यंत जाईलच असं नाही. फोनवर वाचणारा तर चहाला उकळी फुटायच्या आत दुसरीकडे गेलेला असतो.

पहिली-दुसरी कथा लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कादंबरीला सुरुवातीला थोडी ऐसपैस जागा मिळते, कथेला मिळत नाही. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे नव्या लेखकाची पहिली कथा बहुधा शंभर इतर मजकुरांच्या गर्दीत छापली जाते. मागे कविता, पुढे राशिभविष्य, मध्ये जाहिरात. तिथे तुमच्या कथेला स्वतःची जागा पहिल्या परिच्छेदातच करावी लागते.

लांबलचक सुरुवातीची सवय आपल्याला लागली कुठून, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, आणि मग वग. कीर्तनात आधी नमन आणि पूर्वरंग, आख्यान उत्तररंगात. यात चुकीचं काहीच नाही, कारण माणसं अजून येत असतात. कुणी सतरंजीवर सरकून जागा करतं, कुणाचं पोर रडत असतं, मागे कुणी तरी पान लावत असतं. सगळी स्थिरस्थावर होईपर्यंत मुख्य गोष्ट काढायची नाही, हे त्या कलावंतांचं शहाणपण होतं. छापील कथेचा वाचक मात्र आधीच बसलेला असतो. तो एकटा असतो आणि उठून जायला त्याला कुणाची भीड नसते.

आणि आपल्याच परंपरेत याच्या अगदी उलट नमुनाही आहे. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, एक नावडती. झालं! चार वाक्यांत भांडण उभं राहिलं. राजवाड्याला किती खांब होते, राणीचे डोळे कसे होते, काही नाही. ‘नावडती’ म्हटल्याबरोबर ऐकणारी बाई तिच्या बाजूने होते आणि आता हिचं कसं होणार म्हणून पाटावर नीट बसते. सुरुवातीचं सगळं तंत्र या चार वाक्यांत आहे. पुढच्या पायऱ्या म्हणजे त्याचाच विस्तार समजा.

पहिली पायरी: आधी कथा संपवा

सुरुवात सगळ्यात शेवटी लिहायची. पहिल्या खर्ड्यात कुठूनही शिरा, अगदी पहाटेपासूनसुद्धा. तो मजकूर तुमच्यासाठी आहे, तुम्हाला त्या घरात शिरायला तो लागतो. कथा शेवटापर्यंत गेली की मग परत या आणि पहिल्या दोन पानांत एक वाक्य शोधा: जिथे कुणीतरी असं काही करतं किंवा ठरवतं, की आता मागे फिरणं अवघड आहे. ते वाक्य बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडतं. त्याच्या वरचं सगळं हाताने झाका आणि तिथून वाचून बघा. कथा कळते का? कळत असेल तर झाकलेला भाग गेला.

पहिल्या वाक्यापाशी आठवडाभर अडकून बसणारे खूप असतात. शेवट काय आहे हेच माहीत नसताना त्याच्याकडे जाणारं दार कोरत बसण्यात काही अर्थ नाही.

दुसरी पायरी: अडचण एका वाक्यात मांडा

कोणाला काय हवं आहे आणि आडवं काय येतं, एवढंच. इथून पुढे एकच उदाहरण घेऊन चालू.

साठीची सुमन पुण्यात राहते. माहेर विट्याजवळच्या एका गावात. वडील वारले आहेत, जमीन आहे. मोठा भाऊ तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत घडलेली, घडत असलेली गोष्ट.

‘स्त्रियांच्या मालमत्ता हक्कावर कथा लिहायची आहे’ हा विषय झाला, अडचण नव्हे. अडचण अशी: सुमनला माहेर तुटू द्यायचं नाही, आणि माहेर टिकवायचं तर वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा तिला आपल्या हाताने सोडून द्यावा लागणार आहे. या वाक्यात दोन्ही बाजूंनी ओढ आहे. अशी ओढ तुमच्या वाक्यात नसेल, तर दोष सुरुवातीत नाही, कथेतच आहे. कितीही चमकदार पहिली ओळ लिहिली तरी तो झाकला जाणार नाही.

तिसरी पायरी: सगळं सांगून टाका, एकच गोष्ट राखा

या पायरीवर जास्त वेळ घालवा. याच कथेच्या तीन सुरुवाती बघा.

पहिली:

‘सुमन ही साठ वर्षांची गृहिणी पुण्यात कोथरूडला राहत होती. तिचे पती बँकेतून निवृत्त झाले होते. तिला दोन मुलं होती. मोठा अमेरिकेत होता, धाकटी नाशिकला दिलेली होती. सुमनचं माहेर सांगली जिल्ह्यात होतं. २००५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतकाच हक्क मिळाला होता.’

ही शिरगणती झाली. माहिती खोटी नाही, पण वाचकाने ती मागितलेली नाही. कायद्याचं वाक्य तर तिसऱ्या पानावर एखाद्या भाचीच्या तोंडी आलं आणि त्यावर घरात शांतता पसरली, तर तेच वाक्य सुरीसारखं लागेल. इथे ते फुकट गेलं.

दुसरी:

‘तो कागद तिच्या हातात थरथरत होता. आज ते घडणार होतं. ते, ज्याची तिला इतकी वर्षं भीती वाटत आली होती. तिने डोळे मिटून घेतले.’

नवे लेखक या सुरुवातीवर खूश असतात, कारण त्यांना वाटतं उत्कंठा निर्माण झाली. माझं मत अगदी उलट आहे. कसला कागद? कोण ती? ‘ते’ म्हणजे काय? लेखकाला सगळं माहीत आहे आणि तो मुद्दाम सांगत नाहीये, एवढंच वाचकाला कळतं आणि त्याला राग येतो. ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही त्याच्याबद्दल कुतूहल वाटत नसतं. शेजारच्या अनोळखी माणसाच्या घरी कोण आलं याचं आपल्याला काही नसतं; ज्यांचं सगळं माहीत आहे त्यांच्याकडे आज मोठी गाडी का उभी आहे, याची मात्र चौकशी होते.

तिसरी:

‘हक्कसोडपत्रावर सही करायला सुमन विट्याला निघाली, तेव्हा पर्समध्ये तिने स्वतःचं पेन टाकलं. दादाच्या पेनाने सही करायची नाही, एवढं तिने स्वारगेटला गाडीत बसायच्या आधीच ठरवलं होतं.’

बघा, इथे काहीही लपवलेलं नाही. कागद कोणता ते सांगितलं, कुठे जायचं ते सांगितलं, सही भावासाठी आहे तेही कळलं आणि ती सही करायला तयार आहे हेसुद्धा सांगून टाकलं. राखून ठेवली आहे फक्त एक गोष्ट: एवढी जमीन सोडायला निघालेल्या बाईला पेन कुणाचं याने काय फरक पडतो? वाचकाला दुसऱ्या सुरुवातीपेक्षा इथे कितीतरी जास्त माहिती मिळाली, आणि तरी पुढे वाचावंसं इथेच वाटतं.

गाब्रिएल गार्सिया मार्केझने १९८१ सालच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’मध्ये हे टोकाला नेऊन दाखवलं आहे. नायकाला त्या दिवशी मारणार आहेत, हे पहिल्याच वाक्यात येतं. खून होणार, कुणाचा होणार, सगळं उघड. सगळ्या गावाला माहीत असून कुणी थांबवला कसा नाही, एवढाच प्रश्न उरतो आणि तो शेवटपर्यंत पुरतो.

तुमच्या सुरुवातीसाठी कागदावर दोन रकाने करा. एकात ‘सांगितलं’, दुसऱ्यात ‘राखलं’. नव्या लेखकाचा दुसरा रकाना नेहमी लांब असतो. त्यातल्या एकेका गोष्टीला विचारा: हे वाचकाला आत्ता कळलं तर कथा मरेल का? मरणार नसेल तर उचलून पहिल्या रकान्यात टाका. शेवटी उजवीकडे एक, फार तर दोन गोष्टी राहाव्यात.

चौथी पायरी: विषय आतून माहीत करून घ्या

हा सल्ला सुरुवातीच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण चांगला पहिला तपशील कल्पनेतून क्वचित येतो, तो माहितीतून येतो.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं. तिथे ओळखपत्रं लागतात, साक्षीदार लागतात. आणि नोंदणीच्या वेळी नुसती सही होत नाही; कॅमेऱ्यात फोटो काढतात आणि यंत्रावर अंगठ्याचा ठसाही घेतात. आता विचार करा. जी बाई एवढ्या ताठ्याने स्वतःचं पेन घेऊन आली आहे, तिला तिथला कर्मचारी मान वर न करता म्हणतो, ‘अंगठा ठेवा, मावशी.’ सातवी-आठवी शिकून सही करायला शिकलेल्या, त्या सहीचा अभिमान बाळगणाऱ्या बाईचा अंगठा. एवढा मोठा प्रसंग तुम्हाला कल्पनेने सुचला नसता, कार्यालयाच्या बाकावर तासभर बसलात तर आपोआप मिळतो. आणि मग पहिल्या ओळीतलं पेन आणखी पक्कं होतं, कारण त्याचं पुढे काय होणार हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

यातूनच दुसरा नियम निघतो: पहिल्या परिच्छेदात जी वस्तू पुढे केलीत तिचा हिशेब कथेत लागला पाहिजे. पेन नंतर कुठेच दिसलं नाही तर वाचक स्वतःला फसवला गेला असं समजतो, आणि बरोबरच समजतो.

पाचवी पायरी: वाक्याची जुळणी

मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, आणि त्याच्या लगेच आधी जे बसतं त्यावर जोर पडतो. ही सोय फुकटची आहे, वापरा.

‘सुमनने पर्समध्ये स्वतःचं पेन टाकलं.’ जोर पेनावर.

‘स्वतःचं पेन सुमनने पर्समध्ये टाकलं.’ पेन जणू आधीच बोलण्यात आलेलं आहे, ते कुठे टाकलं याला महत्त्व आलं.

‘पर्समध्ये पेन टाकलं ते सुमनने.’ दुसऱ्या कुणी नाही, तिने.

आपल्या कथेला पहिलं हवं. पहिलं वाक्य असं तीन-चार प्रकारे फिरवून, मोठ्याने वाचून बघा. मनातल्या मनात वाचलं तर चुकीची मांडणीही बरोबर वाटते.

मग ‘होता-होती-होतं’ मोजा. वर दिलेली शिरगणतीची सुरुवात पुन्हा वाचा, जवळजवळ प्रत्येक वाक्य त्याच घंटेवर संपतं. सगळे ‘होते’ काढायची गरज नाही. पण ओळीने तीन आले की एकाचं क्रियापद बदला किंवा दोन वाक्यं जोडून टाका. आणि मंद झुळूक, कातरवेळ, रम्य सकाळ, विषण्ण मन यांना काही वर्षं तरी विश्रांती द्या. ते शब्द वाईट नाहीत, पण वाचकाची नजर आता त्यांच्यावरून घसरत जाते.

सहावी पायरी: आणखी दोन-तीन दारं ठोठावून बघा

कृतीने सुरुवात करणं नवशिक्याला सगळ्यात सोपं. पण तीच कथा दुसरीकडून उघडून बघितल्याशिवाय ती खरंच योग्य होती का, ते कळत नाही.

आवाजातून: ‘चाळीस वर्षांत दादाने मला कधी आपणहून जेवायला बोलावलं नाही. गेल्या महिन्यात तीनदा बोलावलं.’ सुमन स्वतः बोलू लागली की कागदाचं नावही न काढता सगळं कळतं. मला व्यक्तिशः ही सुरुवात पेनाच्या सुरुवातीपेक्षाही बरी वाटते, पण मग अख्खी कथा याच तिरकस आवाजात सांभाळावी लागेल. दोन पानांनी तुमचा आवाज अलंकारिक झाला तर सुमन गेली. बोलीचंही तसंच. तुमच्या कानावर ती लहानपणापासून पडलेली असेल तर बेधडक लिहा. नसेल तर नुसतं ‘व्हय-न्हाय’ पेरून माणूस सांगलीकडचा होत नाही. तिथल्या वाचकाला ते पहिल्या ओळीत कळतं.

संवादातून: “सुमे, आधार कार्ड आणलंयस ना?” दादाने फाटकातच विचारलं. कशी आलीस, जेवलीस का, ते नंतर.

संवादाने उघडलेली कथा फसते ती “नाही! हे शक्य नाही!” अशा आरोळीमुळे. कोण कुणाशी बोलतंय आणि कशावरून, हे दोन ओळींत कळायला हवं. ‘सुमे’ आणि ‘दादा’ या दोन हाकांनी इथे अर्धं काम केलं. नातं, वय, जवळीक आणि कुणाचा वरचष्मा, सगळं आलं. तुमच्या भागात थोरल्या भावाला अण्णा म्हणत असतील, तात्या म्हणत असतील, तर तेच ठेवा. ‘भाऊ म्हणाला’ असं लिहिलंत की घर नाहीसं होतं.

जागेतून: ‘कार्यालयाबाहेरच्या बाकावर दोन्ही साक्षीदार आधीच येऊन बसले होते, आणि दोन्ही दादाकडचे होते.’ स्थळवर्णन करायचं ते असं. भिंतीचा रंग उडालेला, पंखा कुरकुरणारा वगैरे नंतर येईल, किंवा आलं नाही तरी चालेल.

गजराने जाग येणं, आरशात बघून स्वतःचं वर्णन करणं, आणि पानभर थरार रंगवून शेवटी ‘ते स्वप्न होतं’ असं सांगणं, या तिन्ही दारांना कुलूप लावा.

सातवी पायरी: दुसरा परिच्छेद

चांगली पहिली ओळ सापडली की लेखक निर्धास्त होतो आणि पुढच्याच परिच्छेदात लिहितो, ‘सुमनला ते दिवस आठवले…’ आणि गाडी स्वारगेटवरून हलायच्या आत आपण चाळीस वर्षं मागे. हा दोष इतका सर्रास आहे की गठ्ठा वाचणाऱ्याला तो न बघताही दिसतो.

पहिल्या ओळीने सुरू झालेला प्रसंग थोडा तरी पुढे जाऊ द्या. गाडी निघू दे, शेजारची बाई ‘कुठं, माहेरी का?’ म्हणून विचारू दे, सुमनने त्याला ‘हो’ म्हणावं की ‘कामाला’ म्हणावं, यात एक क्षण जाऊ दे. भूतकाळ लागेलच, पण तो वर्तमानातल्या कुठल्या तरी गोष्टीला अडून यायला हवा. तिकीट काढताना पेन पर्समधून खाली पडलं, आणि ते कुणी दिलं होतं हे एका वाक्यात आलं, तर पुरे. पुढचं पुढच्या पानावर.

शेवटची पायरी: दुसऱ्याला वाचायला द्या, पण पूर्ण कथा नको

फक्त पहिला परिच्छेद द्या. शक्यतो घरातल्या माणसाला देऊ नका, आणि दिलात तर त्याचं कौतुक मोजू नका. फोनवरच पाठवा, कारण तिथे एका नजरेत थोड्याच ओळी दिसतात आणि वाचक खरोखर तसाच वाचणार आहे. वाचून झालं की ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं नाही. त्याला सगळेजण ‘छान’ म्हणतात. दोनच प्रश्न विचारा: आत्तापर्यंत काय कळलं? आणि आता काय कळावंसं वाटतंय?

पहिल्याचं उत्तर चुकीचं आलं, म्हणजे दादा नवरा आहे असं समजलं किंवा सुमन वकील वाटली, तर तुम्ही काहीतरी सांगायचं राहिलं आहे. दुसऱ्याला ‘काही नाही, बरं आहे’ असं उत्तर आलं तर राखायचं ते तुम्ही सांगून बसलात किंवा राखण्यासारखं काही नव्हतंच. आणि दोघा-तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारला, तर हात लावू नका, ती सुरुवात तशीच ठेवा.

बाद केलेल्या सुरुवाती पुसू नका, एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बाकावरचे साक्षीदार चौथ्या पानावर लागतील.